मेक्लितला अजून सांगितलेलं नाही

दब्र बिरहान, इथिओपिया, सने २८

येशी,

हे पत्र तुला फाडून टाकता येणार नाही. हाताने लिहिलंय आणि शेजारच्या बिरकेने फोनवर त्याचा फोटो काढून पाठवलाय. माझा नंबर तू बंद करून ठेवलायस, तिचा अजून केलेला नाहीस. पुसून टाकायचं असेल तर खुशाल पुस, पण आधी शेवटपर्यंत वाच. काम माझं नाही, आपल्या भावाच्या, तेफेराच्या मुलीचं आहे.

मेक्लितला अमेरिकेत शाळा मिळाली. मेरीलँडमध्ये, मुलींची शाळा आहे. राहणं, जेवण, शिक्षण सगळं शाळेकडून. शेवटची दोन वर्षं तिथे केली की पुढे तिथल्याच कॉलेजात जाता येतं. तीन वर्षं मी त्या पोरीच्या मागे हात धुऊन लागले होते. निवृत्त झालेल्या मास्तरणीला दुसरा उद्योग काय? रोज निबंध, रोज इंग्रजी. तेफेरा म्हणायचा, ताई, तिला जरा श्वास घेऊ दे. मी म्हणायचे, श्वास तिकडे जाऊन घेईल.

आता एकच अडलंय. सुट्टीत तिला घरी ठेवून घेईल, आजारी पडली तर धावून जाईल असं जबाबदार माणूस शाळेला जवळपास हवं आणि त्याची सही हवी. सही नसेल तर ती जागा दुसऱ्या मुलीला जाईल. नकाशा बघितला तर शाळा तुझ्या घरापासून तासाभरावर. देवाला पण कधीकधी थट्टा सुचते.

आईचं तू विसरलेली नाहीस, मला माहीत आहे. ती गेली तेव्हा तू तिकडे एका खोलीत एकटी होतीस, सातवा महिना चालू होता. मामा-काका बसले आणि ठरलं, येशीला इतक्यात कळवायचं नाही. बाळंत होऊ दे, मग तिथल्या आपल्या लोकांकरवी मर्दो सांगू. मरणाची बातमी कोणी फोनवरून फेकत नाही. पहाटे चार माणसं घरी येतात, शेजारी बसतात, मग सांगतात, म्हणजे रडायला जवळ कोणीतरी असतं. ही मर्दोची रीत काय मी काढली? तेवढ्यात चर्चमधल्या कुठल्याशा बाईने तुला रस्त्यात गाठून 'आईचं ऐकून वाईट वाटलं' म्हटलं आणि तुला तसं कळलं. ते वाईटच झालं. पण तिचं तोंड सैल, त्याला मी काय करणार? माझं चुकलं असं मला आजही वाटत नाही, आणि सहीसाठी खोटी माफी मागणार नाही.

सही कर.

अस्कालेच


दब्र बिरहान, हमले ९

येशी,

सही पोचली. सोबतचा निरोपही पोचला, 'मुलीसाठी, तुझ्यासाठी नाही'. बरं. मला तेवढंही पुरे.

मेक्लित सांगते, तुम्ही दोघी आता रोज फोनवर बोलता. तुला कळलंच असेल, व्हिसाची मुलाखत अदिस अबाबाला सतराव्या तारखेला आहे. आम्ही घरात तालीम करतो. मी चष्मा नाकावर ओढून टेबलामागे अमेरिकन साहेब होऊन बसते. तेफेराला हसू आवरत नाही, म्हणून त्याला बाहेर घालवते. पण हसण्यावारी नेण्यासारखं हे नाही. खिडकीपलीकडचं माणूस एकच गोष्ट शोधत असतं, ही पोरगी परत येणार की तिकडेच राहणार. आमच्या शाळेतला सगळ्यात हुशार मुलगा गेल्या वर्षी या एका प्रश्नाला अडखळला आणि हात हलवत घरी आला.

मी विचारलं, तुझं इथे कोण आहे?

ती म्हणाली, "माझे वडील. आई मी लहान असतानाच गेली. त्यांना माझ्याशिवाय कोणी नाही. ते माझी वाट बघत असतील, म्हणून मी परत येणार."

मी म्हटलं, हेच बोल, यात एक शब्द वाढवू नकोस. तेफेरा दाराआडून ऐकत होता. आत येऊन म्हणाला, कोणी नाही कसं, छळायला आत्या आहे की.

तो तुला सलाम सांगतो. जिबूतीच्या रस्त्यावर ट्रक हाकून हाकून पाठ गेलीय म्हणतो, पण जेवायला बसला की पाठीला काही होत नाही. मेक्लितला विमानात बसवायला अदिसला जाणार म्हणून आत्तापासून कोटाला इस्त्री करून ठेवलीय.

अस्कालेच


दब्र बिरहान, हमले १९

येशी,

व्हिसा मिळाला. खिडकीतल्या बाईने नेमकं तेच विचारलं आणि मेक्लितने नेमकं तेच सांगितलं. पासपोर्ट हातात यायला काही दिवस लागतील. तोवर तिला अदिसलाच अल्मनेश मावशीकडे राहायला सांगितलंय. इकडचा रस्ता सध्या धड नाही, उगाच ये-जा नको.

तू तेफेराला फोन लावत होतीस असं कळलं. तो गाडी घेऊन जिबूतीकडे गेलाय. तिकडे वाळवंटात फोन लागत नाही, तुला माहीतच आहे.

पत्र छोटंच लिहिते. घरात माणसं आहेत, त्यांना कॉफी द्यायचीय. बिरके फोटो काढायला म्हणून आली आणि रडत बसलीय, तिची दाढ दुखतेय.

रविवारी पहाटे तू घरीच असतेस ना?

अस्कालेच


दब्र बिरहान, हमले २३

येशी,

रविवारी पहाटे तुमच्या चर्चचे पाद्री आणि चार बायका दारात बघून तू विचारलंस, "अस्कालेच गेली का?" पाद्रींनी मला सांगितलं. मी नाही, येशी. मी आहे. आपला तेफेरा गेला.

मागचं पत्र खोटं होतं. बिरकेची दाढही खोटी. पण तुला कागदावरून कळू द्यायचं नव्हतं, म्हणून पाद्रींना निरोप धाडला आणि रविवारची वाट बघितली. या वेळी तुला रीतीने कळलं, लगेच कळलं, एवढं तरी लक्षात घे.

मंगळवारी सकाळी गेला. कॉफी झाली, पायरीवर बसून बुटाची नाडी बांधत होता. मी आतून काहीतरी ओरडले, भाजीचं असेल, त्याने उत्तर दिलं नाही. मला वाटलं, मुद्दाम बोलत नाही. बाहेर येऊन बघते तर भिंतीला टेकून बसलेला. डॉक्टर म्हणाले हृदय. मला हृदयबिदय काही कळत नाही. माझ्यापेक्षा लहान होता तो. मी त्याला पाठुंगळीवर घेऊन फिरलेय.

आता पुढचं ऐक आणि मग काय ओरडायचं ते ओरड.

मेक्लित आदल्या दिवशीच अदिसला गेली होती आणि बुधवारी सकाळी तिची मुलाखत. घरात रडारड चाललेली, इद्दिर मंडळाची माणसं मयताचा तंबू ठोकत होती, आणि मी कोठीच्या खोलीत एकटी उभी. तिला सांगितलं तर ती मिळेल ती गाडी धरून घरी येणार. मुलाखत जाणार. पुढची तारीख मिळेपर्यंत शाळा सुरू झालेली असणार. आणि समजा गेलीच खिडकीपाशी, तर त्या बाईला काय सांगेल? इथे आता माझं कोणी नाही, असं? मी बाहेर आले आणि सगळ्यांना सांगितलं, मेक्लितला कळता कामा नये. म्हातारी माणसं म्हणाली, बरोबर आहे. एकानेही वाद घातला नाही. तेव्हापासून सगळा मोहल्ला तोंड शिवून बसलाय.

बुधवारी त्याला उचलायच्या आधी अंगणाच्या कोपऱ्यात जाऊन मी तिला फोन केला, घाबरू नकोस, ठरलंय तेच बोल म्हणून. ती म्हणाली, आत्या, मागे कसला गोंधळ? मी म्हटलं, बाजारात आलेय. तिने खिडकीत आपलं वाक्य म्हटलं, तेव्हा आम्ही त्याला चर्चच्या आवारात खाली ठेवत होतो.

तू तिच्याशी रोज बोलतेस. तोंड सांभाळ. तिला पोचू दे, शाळा सुरू होऊ दे, जरा रुळू दे. मग तुमच्या चार माणसांना घेऊन एखाद्या पहाटे सांग. तिला रडायला घर असेल, आत्या असेल, आणि हातची शाळा गेलेली नसेल. यात मी कोणाचं काय वाईट केलं ते मला दाखवून दे.

अस्कालेच


दब्र बिरहान, हमले २९

येशी,

तुझा निरोप बिरकेने वाचून दाखवला नाही. फोन माझ्या हातात देऊन बाहेर निघून गेली.

'तिला सांग. विमानात बसायच्या आधी, तू स्वतः जाऊन. नाहीतर मी शाळेला कळवते की तिची जबाबदारी मी घेत नाही. दर रविवारी मी विचारायचे आणि तू म्हणायचीस, आई चर्चला गेलीय. मी तिच्यासाठी स्वेटर पाठवला तो पण तू घेतलास.'

हो, घेतला स्वेटर. काय करणार होते, त्याच माणसाच्या हाती परत पाठवणार होते? तू मात्र शहाणी. तिकडे बसून सही मागे घेते म्हणायला तुझं काय जातंय? पोरीचं वाटोळं झालं तर ते तुझ्या हातून होईल, माझ्या नाही, आणि तेफेरा ते वरून बघेल. मी दोन दिवस हेच बडबडत होते. बिरके शेवटी म्हणाली, अगं तिला जे लिहायचंय ते मला कशाला ऐकवतेस?

बरं, आता खरं लिहिते. मेक्लित रोज फोन करते, बापाची चौकशी करते. पहिले काही दिवस सोपे गेले. अबाबा कुठे आहेत? जिबूतीला. मग गाडी बिघडली. मग फोन हरवला, असं म्हणणार होते, पण त्याचा फोन वाजत होता. तो माझ्याच उशाशी असतो. बंद पडला तर तिला संशय येईल म्हणून मी तो चार्ज करून ठेवते. ती म्हणाली, घरी येऊन जाते. मी म्हटलं, रस्त्यावर गडबड आहे, गाड्या अडवतात. अल्मनेश मला बाजूला जाऊन फोन करते आणि रडते. म्हणते, ही पोरगी माझ्या घरात गाणी म्हणत कपडे भरतेय, मला बघवत नाही.

काल मेक्लितने त्याच्या फोनवर आपला आवाज पाठवला. ऐकायला नको होता, पण मी ऐकला.

"अबाबा, तुम्ही फोन उचलत नाही. मी जातेय म्हणून रागावलात का? रागावला असाल तर मी नाही जात. खरंच नाही जात. आत्याला मी सांगते. फक्त एकदा बोला माझ्याशी."

येशी, हे मला सुचलंच नव्हतं. मी सगळ्या बाजूंनी विचार केला होता, मुलाखत, शाळा, तारखा, लोकांची तोंडं. बाप रुसलाय असं पोरीला वाटेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही. आता तिला सांगितलं तरी ती राहील आणि नाही सांगितलं तरी ती राहील.

जाते मी अदिसला. सांगते. तुझ्या धमकीला भिऊन जातेय असं समजू नकोस. आणि शाळेला काही कळवू नकोस, एवढं ऐक.

अस्कालेच


अदिस अबाबा, नेहसे ११

येशी,

पोचली, एवढाच शब्द तू बिरकेच्या फोनवर पाठवलास. तोही तिने मला इकडे कळवला. आता इकडचं सगळं लिहिते. नंतर तुला मेक्लितकडून ऐकायचंच आहे, तेव्हा माझ्याकडून आधी ऐक.

मी पत्र पाठवलं आणि दुसऱ्या दिवशी रस्ता खरोखरच बंद झाला. बस नाही, ट्रक नाही. तिला मी जे खोटं सांगत होते ते खरं होऊन माझ्याच पुढ्यात उभं राहिलं. रोज पहाटे स्टँडवर जायचे आणि परत यायचे. शेवटी एका बटाट्याच्या गाडीत ड्रायव्हरशेजारी बसून निघाले. तो तेफेराला ओळखत होता. उतरताना माझं गाठोडं स्वतः खाली घेतलं. सातव्या तारखेला अंधार पडता पडता अदिसला पोचले, अल्मनेशच्या शेजारणीकडे लपून झोपले. झोपले कसली, पडून राहिले. विमान दहाव्या तारखेचं.

आठव्याला पहाटे आम्ही गेलो. अल्मनेश, तिचे दोन म्हातारे शेजारी, जवळच्या चर्चचे पाद्री आणि मी. मी दुखवट्याची शाल घेतली होती, किनार तोंडाशी. मेक्लित पुढच्या खोलीत झोपली होती. प्रवासासाठी केसांच्या बारीक वेण्या घालून घेतल्या होत्या, फार छान दिसत होत्या. पावलं वाजली तशी उठून बसली. आधी पाद्रींकडे बघितलं, मग मला बघितलं, मग माझी शाल. या वेळी माणसं घरात कशासाठी येतात ते आपल्याकडे शेंबड्या पोराला कळतं. पाद्रींना तोंड उघडायची वेळच आली नाही.

रडली. कशी ते लिहीत नाही. बायका आल्या, सगळे रडलो, तिला धरून बसलो. उजाडल्यावर ती शांत झाली आणि एकेक वेणी सोडायला लागली. मी मदतीला हात पुढे केला. तिने तो बाजूला सारला आणि विचारलं, "कधी?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी सांगितलं, मुलाखतीच्या आदल्या दिवशी.

"म्हणजे मी त्या बाईला म्हटलं अबाबा माझी वाट बघतायत, तेव्हा अबाबा कुठे होते?"

"चर्चच्या आवारात," मी म्हटलं. "तेव्हाच खाली ठेवत होतो."

"आणि तुम्ही मला फोन केलात. बाजारात आहे म्हणालात."

मला तिने जन्मात कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. मी म्हटलं, सगळं तुझ्यासाठी केलं. ती म्हणाली, "माझ्यासाठी त्यांना उचलायला कोण होतं? माझ्या जागी कोण रडलं?" मी म्हटलं, मी रडले. ती म्हणाली, "तुम्हाला कोणी सांगितलं होतं?"

त्यानंतर ती माझ्याशी बोललीच नाही. ना त्या दिवशी, ना दुसऱ्या दिवशी. उपासाचे दिवस आहेत, अल्मनेश शिरोचं कालवण करायची, इंजेरा पुढ्यात ठेवायची, ती दोन घास खायची आणि ताट सारायची. बॅग दाराशी अर्धी भरलेली पडली होती. तिला हात लावायची कोणाची छाती झाली नाही. अल्मनेश हळूच विचारायची, जाणार का गं ही? मला काय माहीत? मी भिंतीला टेकून बसले होते आणि तीन वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं, खड्ड्यात गेली ती शाळा.

म्हटलं पण. दहाव्या तारखेला सकाळी तिच्यापुढे जाऊन बसले आणि म्हटलं, "मेक्लित, नको जाऊस. घरी चल. चाळीसाव्या दिवसाचं सगळं तुझ्या हाताने कर. शाळेला मी लिहीन, नाही ऐकलं तर नाही. चल घरी." हे मी म्हटलं, येशी. तुला खरं वाटणार नाही, पण अल्मनेशला विचार.

तिने मोकळे केस मागे बांधले. मग म्हणाली, "घरी गेले तर चाळीसाव्यापर्यंत तुमच्या शेजारी बसावं लागेल. त्यापेक्षा मी जाते."

आणि उठून बॅग भरली.

विमानतळाच्या फाटकापाशी तिने अल्मनेशच्या खांद्यावर डोकं टेकलं, दोन्ही म्हाताऱ्या शेजाऱ्यांच्या गुडघ्याला हात लावून आशीर्वाद घेतला. माझ्या बाजूने अशी गेली की तिथे माणूसच उभं नाही. डोक्याला पांढरी शाल गुंडाळली होती. मागे वळून बघितलं नाही. मला पाहिजे होतं ते झालं. ती गेली. मी तिथेच फाटकाच्या कठड्यावर बसले आणि आता कुठे तेफेरासाठी रडले, इतके दिवस मला कामं होती.

आता ती तुझ्या घरात आहे. ती माझ्याबद्दल बोलेल. बोलू दे. तूही बोल. इतकी वर्षं तुला ऐकणारं तिकडे कोणी नव्हतं, आता एक आहे. दोघी मिळून मला काय शिव्या घालायच्या त्या घाला, पण आधी तिला जेवायला घाल. रडून झालं की तिला भूक लागते आणि ती सांगत नाही.

मी तुझ्याकडे माफी मागितली नव्हती, आजही ती कशी मागतात ते मला कळत नाही. एकच मागते. पुढे कधी तिचं काही झालं, तुझं काही झालं, ताप आला, पडली, काहीही, तर पाद्रींना निरोप पाठवू नकोस. पहाटेची वाट बघू नकोस, माझ्या घरी माणसं गोळा करू नकोस. फोन कर. मी एकटी असले तरी सांग.

अस्कालेच